विहिरीतलं शून्य

चाळणीरावांचं खरं नाव ऑफिसच्या हजेरीपत्रकात होतं आणि तिथेच पडून होतं. सव्वीस वर्षं जो माणूस जमिनीखालची माती आणतो, वाळवतो, एकाखाली एक लावलेल्या सात चाळण्यांतून चाळतो आणि प्रत्येक चाळणीतला ढीग वेगळा तोलतो, त्याला लोक दुसरं काय म्हणणार? त्यांच्या खिशात वाळू, चष्म्याच्या घरात वाळू, डब्याच्या पिशवीत वाळू. बायको म्हणायची, "यांचे मोजे झटकले तर घमेलं भरेल." चाळणीराव यावर हसायचे नाहीत. एका घमेल्याला किती मोजे लागतील ते मनातल्या मनात मोजत असायचे.

त्यांचं काम सांगायला सोपं आणि करायला जीवघेणं. जमिनीत सांडलेली वस्तू कधी, कुठे आणि किती पोचेल, ते कॉम्प्युटरवर मांडून सांगायचं. लोकांना वाटतं, जमिनीखाली पाण्याची नदी वाहते. तसं काही नसतं. खाली दाणे असतात आणि दाण्यांमधल्या फटी असतात. त्या फटींत पाणी असतं, हवा असते, आणि माणसाने हलगर्जीपणा केला की तेलही असतं. एका खोलीत तीन बिऱ्हाडं! पाणी भिंतीला चिकटून बसतं, तेल मधली जागा धरतं, हवेच्या वाट्याला उरलंसुरलं. एकाने पाय पसरले की दुसऱ्याला सरकावं लागतं, आणि कोण किती सरकेल हे त्या खोलीत आधी कोण राहून गेलं यावर ठरतं. हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा. चाळणीराव ते एकदा विसरले, आणि त्यातूनच पुढचं सगळं घडलं.

गोष्ट त्यांच्या थोरल्या बहिणीच्या विहिरीची आहे. ताईचं घर बस डेपोच्या मागच्या गल्लीत. गल्लीत चौदा घरं आणि विहीर एकच, तीही ताईच्या अंगणात. तिच्या सासऱ्यांनी खणलेली. पाणी सगळ्या गल्लीचं, मालकी नावापुरती ताईची. एका सकाळी ताईचा फोन आला, "अरे, चहाला बसचा वास येतोय."

डेपोची डिझेलची जमिनीतली टाकी गंजून गळत होती. किती महिने, ते कुणालाच सांगता येईना. चाळणीराव आले, तळाला झडप असलेली पारदर्शक नळी दोरीने विहिरीत सोडली आणि वर ओढली. खाली पाणी, वर चार बोटं पिवळं डिझेल. त्याच दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने विहिरीच्या जाळीला कुलूप घातलं आणि त्यावर ऑफिसचं सील ठोकलं. चौदा घरं गल्लीच्या टोकाच्या सार्वजनिक नळावर गेली. तो नळ करंगळीएवढ्या धारेचा.

"किती दिवस?" ताईने विचारलं.

"मॉडेल करून सांगतो."

मॉडेल करायला बसले आणि नाकी नऊ आले. डेपो आणि गल्लीखालची जमीन त्यांनी हजारो चौकोनांत कापली आणि प्रत्येक चौकोनाला नियम दिले. नियम खरं तर दोन लागतात. पाण्याची पातळी खाली जाताना फटीतलं तेल एका तऱ्हेने वागतं, वर येताना दुसऱ्या तऱ्हेने. पण दोन नियम दिले की कॉम्प्युटर दोनशे सतराव्या दिवशी अडायचा. रोज. आकडे इकडून तिकडे नुसते झुलायचे आणि पडद्यावर यायचं, उत्तर जुळत नाही. चाळणीरावांनी चौकोन लहान केले, दिवसांचे तास केले, तासांची मिनिटं केली. गाडं दोनशे सतरावर ठप्प. तीन आठवडे हा छळ चालला. वरून मोठ्या साहेबांची रोजची विचारणा, "झालं का?" ताईची रोजची विचारणा, "झालं का?" शेवटी एका दुपारी वैतागून त्यांनी दुसरा नियम काढून टाकला. जातानाही तोच, येतानाही तोच. कॉम्प्युटर लोण्यातून सुरी जावी तसा गेला. संध्याकाळपर्यंत उत्तर हातात होतं. डेपोची टाकी काढली आणि डिझेल उपसत राहिलं, तर दोन वर्षांत विहिरीत तेल शून्य.

रिपोर्टच्या पान एकेचाळीसवर त्यांनी ते लिहिलं आणि खाली सही केली. ताईला फोनवर सांगितलं, "दोन वर्षं." ताईने कॅलेंडर घेतलं आणि दोन वर्षांपुढच्या त्या तारखेभोवती गोल काढला. पुढचं कॅलेंडर अजून छापलंच नव्हतं म्हणून जुन्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला हाताने चौकटी आखल्या.

दीड वर्ष डेपोच्या आवारात पंप धडधडत होते. ते पाणी उपसायचे आणि पाण्याबरोबर डिझेलही. त्यामुळे जमिनीखालची पातळी कधी वर आलीच नाही, आणि विहिरीतलं तेल चारावरून तीन बोटं, तीनावरून दोन, असं शहाण्या मुलासारखं उतरत गेलं. मग, तेल उतरतंच आहे तर आता पंप कशाला, म्हणून ऑफिसने ते काढले. मग पाऊस झाला, आणि असा झाला की विहिरीतलं पाणी दोन पुरुष वर चढलं. ताईने गोल काढलेल्या तारखेच्या आठवडाभर आधी चाळणीरावांनी नळी सोडली. तेल शून्य. डेपोभोवती पाहणीसाठी खणलेल्या चारही बोअरमध्ये शून्य. पाण्याचा नमुनाही मर्यादेच्या आत.

दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. चाळणीरावांची झोप उडाली. सव्वीस वर्षांत जमिनीने त्यांचं एकदाही तारीखवार ऐकलं नव्हतं. पाच ठिकाणी, एकाच आठवड्यात, बरोबर शून्य? त्यांनी कपाटामागून काचेची उभी नळी काढली, मांडीएवढ्या उंचीची. बाजूला खालपासून वरपर्यंत भोकाभोकांनी जोडलेली दुसरी बारीक नळी, ती म्हणजे विहीर. मोठ्या नळीत पाण्याखाली चमचा चमचा वाळू भरली, बुडबुडा राहू नये म्हणून प्रत्येक चमच्यानंतर काच ठोठावली. मग लाल रंग घातलेलं तेल सोडलं. पातळी खाली ठेवली तेव्हा विहिरीत लाल तेल छान दिसत होतं. मग पाणी हळूहळू वर चढवलं. विहिरीतलं लाल बारीक झालं, आणखी बारीक झालं आणि नाहीसं झालं. तेल मात्र कुठेच गेलं नव्हतं. डोळे काचेला लावले की वाळूत टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके दिसत होते, हजारो. चढत्या पाण्याने तेलाचे तुकडे करून फटीफटीत कोंडले होते. सलग तेल विहिरीकडे वाहतं. तुटलेला थेंब जागचा हलत नाही. पाणी पुन्हा उतरवलं, तर तीन तासांनी ठिपके एकमेकांना मिळाले आणि विहिरीत परत लाल थर!

त्यांनी काढून टाकलेला दुसरा नियम म्हणजे हाच. चाळणीराव खुर्चीत बसले आणि मोठ्याने म्हणाले, "गाढव आहे मी." खोलीत कुणी नव्हतं, त्यामुळे कुणी नाही म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांच्या खोलीत बैठक होती. साहेब खुशीत होते. सुंठीवाचून खोकला गेला होता. "चाळणीराव, अभिनंदन! पान एकेचाळीस. दोन वर्षं म्हणालात, बरोब्बर दोन वर्षांत शून्य. सोमवारी सील काढा."

"साहेब, सील काढू नका. तेल गेलेलं नाही, खाली कोंडलंय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की परत येईल."

"पण तुमचा रिपोर्ट..."

"रिपोर्ट चुकलाय."

"सही तुमची आहे ना?"

"माझीच आहे."

"म्हणजे चुकीचा रिपोर्ट लिहिणारा माणूस मला सांगतोय की आता त्याचं बरोबर आहे," साहेब म्हणाले, आणि टेबलाभोवतीची मंडळी हसली. "बरं, नव्या मॉडेलमध्ये काय येतंय?"

"नवं मॉडेल दोनशे सतराव्या दिवशी अडतं."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यांनी घाईघाईने बरोबर आणलेली काचेची नळी टेबलावर मांडली. "डोळ्यांनी बघा, साहेब. दहा मिनिटं द्या." पाणी चढवायला सुरुवात केली. घाई करता येत नाही. घाई केली की बुडबुडे शिरतात आणि सगळं मुसळ केरात. दहाची वीस मिनिटं झाली. मंडळी घड्याळं बघू लागली. बारीक नळीतलं लाल हळूहळू गेलं आणि स्वच्छ पाणी राहिलं.

साहेब पुढे झुकले. "गेलं की!"

"हो, पण आता पाणी उतरवलं की..."

"किती वेळ लागेल?"

"तीन तास."

साहेब उठले. "चाळणीराव, तुम्हीच आणलंत, तुम्हीच दाखवलंत. तेल गेलं. आणखी काय हवं?" आणि मंडळी जेवायला गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. दृष्टीआड सृष्टी हे तर त्या ऑफिसच्या दारावर पाटी करून लावावं. चाळणीराव रिकाम्या खोलीत तीन तास बसले. लाल थर परत आला, अगदी वेळेवर. तो बघायला फक्त टेबल पुसणाऱ्या बाई होत्या. "छान रंग आहे," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी नळी कुशीत धरून ते ताईकडे गेले. ताईने अंगण धुतलं होतं, रहाटाला तेल घातलं होतं, दोन नव्या बादल्या आणून ठेवल्या होत्या. कागदावरच्या गोलाला अजून तीन दिवस होते. दाजी पाठीला पट्टा बांधून ओसरीवर बसले होते. पट्टा नळावरून पाणी आणून आणून लागलेला.

"ताई, सोमवारी सील काढतील. पण पाणी वापरू नकोस."

ताई आधी हसली. तिला वाटलं, चेष्टा आहे. मग तिचा चेहरा उतरला. "शून्य आहे ना?"

"आत्ता शून्य आहे."

"मग?"

चाळणीराव समजावू लागले. फटी, दाणे, थेंब, चढतं पाणी, उतरतं पाणी. ताईने मध्येच तोडलं. "हे बघ, कुलूप तू लावलंस. तारीख तू दिलीस. दोन वर्षं मी रोज सहा खेपा केल्या, ह्यांची पाठ गेली, पण कुणाला एक शब्द बोलले नाही. कारण माझ्या भावाने सांगितलं होतं. आता तूच म्हणतोस नको. चूक कुणाची?"

"माझी."

"काय चूक केलीस?"

"दोन नियम लावायचे होते, एक लावला."

"का?"

"दोन लावले की मॉडेल चालत नव्हतं."

लहानपणी गणित अडलं की शेवटचं उत्तर बघून मधल्या पायऱ्या भरायचा, त्याबद्दल ताईने ह्याच भावाच्या पाठीत धपाटे घातले होते. आता घालायला वय आड आलं. ती आत निघून गेली. चाळणीरावांनी नळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली आणि ते पाणी चढवायला लागले. ताईने कणीक मळली, भाजी चिरली, कुकर लावला, मुद्दाम भांडी आपटली. पण डोळा काचेकडे. लाल गेलं तेव्हा तिने चिरणं थांबवलं. मग पाणी उतरू लागलं. जेवणं झाली, झाकपाक झाली, आणि ओटा पुसता पुसता ताईचा हात थांबला. बारीक नळीत लाल रेघ आली होती. ती वाकून बघत राहिली. मग फडकं पिळून दांडीवर टाकलं आणि म्हणाली, "उद्या एक चांगलं कुलूप आणून दे."

सोमवारी ऑफिसच्या माणसाने सील काढलं. त्याची पाठ वळताच ताईने नवं कुलूप घातलं. गल्ली पेटली. ऑफिस म्हणतंय पाणी चांगलं, सरकारी कागद आहे, आणि ही बाई कुलूप घालते! कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला, ज्याचा धंदा पाण्याअभावी निम्म्यावर आला होता, भिंतीपलीकडून ओरडला, "भाऊ म्हणाला बंद, बंद! भाऊ म्हणाला दोन वर्षं, दोन वर्षं! आता भाऊ म्हणतो नाही! विहीर आहे का पोरखेळ?" लोक ताईला पाण्यात पाहू लागले. नळावर ती आली की बोलणी थांबायची, आणि तिची बादली रांगेत कशी कोण जाणे, मागे मागे सरकायची.

चाळणीराव दर रविवारी झडपेची नळी घेऊन यायचे. पाणी उतरत होतं, पण रडतखडत, आठवड्याला वीत, दीड वीत. तेल शून्य. पुढच्या रविवारी शून्य. लाँड्रीवाला भिंतीवर हात ठेवून विचारायचा, "काय, आलं का तुमचं तेल?" शून्य म्हटलं की तो गल्लीला ऐकू जाईल असं हसायचा. चाळणीराव घरी जाऊन दोनशे सतराव्या दिवसाशी भांडायचे, बायकोवर खेकसायचे, जेवणात खडा आला म्हणून ताट सरकवायचे. खडा त्यांच्याच खिशातला असायचा. त्यांना स्वतःचाच संशय येऊ लागला. कदाचित तेल खरंच गेलं असेल. कदाचित रिपोर्ट बरोबर होता आणि चूक ही आता होतेय.

आणि मग एक वाईट गोष्ट झाली. ते वाट बघू लागले. विहिरीकडे जाताना मनात म्हणू लागले, येऊ दे. आज तरी येऊ दे. बसमध्ये, दाढी करताना, वाळू चाळताना, येऊ दे. आपण कशाची मागणी करतोय, हे त्यांच्या डोक्यातही येत नव्हतं.

अकराव्या रविवारी ऊन चांगलंच तापलं होतं. विहिरीतली एक जुनी पायरी, पंप चालू असताना दिसायची ती, पुन्हा उघडी पडली होती. ताईने कुलूप काढून दिलं आणि ती बादल्या घासायला बसली. लाँड्रीवाला भिंतीशी हजर. चाळणीरावांनी नळी सोडली, दोरी ओढली, नळी उन्हात धरली. खाली पाणी. वर दोन बोटं पिवळं.

"आलं!" चाळणीराव ओरडले. "ताई, आलं! आलं बघ!" त्यांनी नळी डोक्यावर धरली आणि अंगणात चक्क नाचले. पन्नाशी उलटलेला माणूस, पायांत वाळूने भरलेले बूट. "बघा हो लाँड्रीवाले! हसत होतात ना? बघा! माझं बरोबर होतं!"

लाँड्रीवाला हसला नाही. त्याने एकदा नळीकडे पाहिलं, एकदा आपल्या दुकानाकडे, आणि तो भिंतीवरचा हात काढून चालता झाला.

ताई उठून आली. ओले हात पदराला पुसले, नळी घेतली, नाकाशी नेली आणि परत दिली. मग विहिरीच्या कठड्यावर टेकली.

"तू खूश झालास," ती म्हणाली.

चाळणीरावांचा हात नळीसकट खाली आला. "ताई, तसं नाही. म्हणजे..."

"माझ्या विहिरीत डिझेल आलं, आणि तू नाचलास."

सव्वीस वर्षांत चाळून ठेवलेलं काहीच इथे कामाचं नव्हतं. त्यांना लाज वाटली. ओसरीवर दाजींनी वर्तमानपत्र उलटलं आणि पुन्हा तेच पान उलटलं.

"आता किती दिवस?" ताईने विचारलं. "मॉडेल चालो न चालो. मला खरं सांग."

चाळणीरावांनी तोंड उघडलं. दोन नियम, चार पाच पावसाळे, पुन्हा पंप, असं बरंच काही ओठावर आलं. ते त्यांनी गिळलं.

"माहीत नाही, ताई."

"हे दोन वर्षांपूर्वी म्हणाला असतास," ताई म्हणाली, "तर मी चौकटी आखल्या नसत्या."

तिने जाळी लावली, कुलूप घातलं, ओढून पाहिलं. चावी कमरेला खोचली. मग नव्या बादल्यांपैकी एक स्वतः उचलली आणि दुसरीकडे हनुवटीने खूण केली.

"ती घे. नळ अकराला जातो."